जास्तीचा पीळ

मी टोमॅटोच्या पानांतला आरएनए काढते आणि मोजते. पुण्यातल्या एका संस्थेत, पांढरा कोट, निळे हातमोजे, सगळा थाट. गावाकडं कुणी विचारलं तर मी "टोमॅटोवर संशोधन" एवढंच सांगायचे. समोरचा लगेच म्हणायचा, "मंग बोकड्यावर औषिद काढलं का न्हाई अजून?" बोकड्या म्हणजे पानं वळून झाड खुरटतं तो रोग. आमच्या नारायणगावच्या पट्ट्यात नुसता शब्द काढला तरी लोकांची तोंडं कडू होतात. औषध मी काढलेलं नव्हतं, अजूनही काढलेलं नाही. म्हणून मी विषय बदलायचे.

माझ्या कामाबद्दल धड प्रश्न विचारला तो एकट्या आबांनी. आबा म्हणजे माझे वडील. शाळा चौथीपर्यंत, तीही मेंढरांमागं फिरता फिरता जमेल तशी. आमचं मेंढपाळाचं घर. आबांच्या तरुणपणी दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी वर यायचं. माझ्या वेळेपर्यंत ते सगळं आटपलं होतं. नारायणगाव आणि आळेफाट्याच्या मधे, हमरस्त्यापासून आत, आमचं थोडं रान होतं, त्यात आई टोमॅटो करायची, आणि आबा दहा-बारा मेंढरं राखायचे. हौस म्हणून नाही. त्यांना दुसरं काही करवतच नव्हतं.

आणि हातात टकळी. चालता चालता, बोलता बोलता, आबांच्या हातात लोकरीचा पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, आणि खाली गरगरणारी टकळी ही असायचीच. पाहुणे चहा पित बसले असले तरी ह्यांचं सूत चालू. आई वैतागायची, "आवं, मान्सं आल्यात, जरा ठिवा की त्ये खाली." आबा म्हणायचे, "मान्सांशी त्वांडानं बोलायचं असतं. हातानं न्हाई."

एका रविवारी दुपारी ते लिंबाखाली सूत काढत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या पानात नक्की काय बगती गं तू?"

मी त्यांच्या हातातला हातभर धागा मागून घेतला. दोन्ही टोकं धरून ताणला, त्याला अजून पीळ दिला, आणि हात जवळ आणले. धागा मधूनच उलटा फिरला, स्वतःलाच वेढे घालत दुपदरी झाला, टोकाला बारका फास राहिला.

"हे बघते," मी म्हटलं. "पेशीत एक निरोपाचा धागा असतो, आरएनए म्हणतात त्याला. एकपदरी असतो, म्हणून मोकळा राहत नाही. त्यावर अक्षरं असतात, त्यांच्या जोड्या ठरलेल्या. जोडी सापडली की धागा असा स्वतःवरच दुमडतो. केसात लावायच्या आकड्यासारखा."

आबा हसायलाच लागले. "आगं, ह्यो तर पीळ जास्ती झाल्याला धागा! असा धागा आमी टाकून देतो."

"आम्ही त्यावरच शिकतो, आबा. ह्या आकड्यातून पेशी एक बारका तुकडा कापून घेते. एकवीस अक्षरांचा, बस्स. तो तुकडा जातो आणि दुसऱ्या निरोपांना गप्प करतो. पान किती वाढवायचं, रोग आला तर काय करायचं, सगळ्यात त्याची लुडबुड असते. एवढासा तुकडा, पण अख्ख्या झाडाला धाकात ठेवतो."

"तुझ्या आयसारका," आबा म्हणाले. आई आत भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, "ऐकू येतंय मला."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "मंग कापनाऱ्याला कसं कळतं, कुटं कापायचं?"

"आकारावरून कळतं," मी ठोकून दिलं.

"आकारावरनं म्हंजी? मेंढरू कातरताना बी सुरवात ठरल्याली असती. ती चुकली की म्होरली सगळी लव चुकती. त्यो सुरवात कुटनं धरतो?"

मी म्हटलं, तेच तर शोधतोय. खरं सांगायचं तर मी नीट वाचलंच नव्हतं. मला तो आकडा सुबक जुळलेला असला की झालं, असं वाटायचं. आबा "हं" म्हणाले आणि पुन्हा टकळी फिरवायला लागले.

त्यानंतरच्या वर्षी उसातून बिबट्या आला आणि वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, उडी मारून ओलांडून दोन मेंढरं नेली. महिन्याभरात अजून एक. आई म्हणाली, आता पुरे.  मग आबांनी एकदा शेवटचं सगळी मेंढरं कातरली, लोकर पोत्यात भरली, आणि कळप देऊन टाकला. त्या लोकरीवर हात ठेवून मला म्हणाले, "ह्याची तुला घोंगडी. तुमच्या त्या मशिनीच्या खोलीत लई गारठा असतो म्हनत व्हतीस न्हवं?"

मी कधीतरी सहज बोलले होते. आबांनी ते ध्यानात ठेवलं होतं.

घोंगडीला लागणारा सगळा धागा ते स्वतः काढणार होते. पण त्याच सुमाराला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहा पिताना बशी वाजायची. ते बशी खाली ठेवून द्यायचे आणि चहा थंड झाला की कपानं प्यायचे. आम्ही कुणी त्यावर बोलत नव्हतो. त्यांनीच एकदा मला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "सूत बरं येतंय ना गं अजून?"

"एक नंबर," मी म्हटलं.

पण मी पाहिलं होतं. गुंडे करून पिशवीत टाकलेला धागा मी हातात घेतला तर मला तो जागोजाग सैल लागला. इथं घट्ट, तिथं भुसभुशीत.  घोंगडी विणणाऱ्या मागवाल्यानं हा धागा परत पाठवला तर आबांना काय वाटेल, एवढंच डोक्यात बसलं. त्यांना त्यांच्या हातावर विश्वास हवा होता, आणि तो टिकवायचा म्हणून मी दीडशहाणीनं एक उद्योग केला.

शनिवारी-रविवारी मी घरी यायचे. दुपारी आबा देवळाच्या पारावर जाऊन बसायचे, आई रानात. मी पिशवीतला एकेक गुंडा काढायचे, टकळीवरून परत फिरवून त्याला जास्तीचा पीळ द्यायचे आणि होता तसा गुंडाळून ठेवायचे. लहानपणी आबांनीच शिकवलं होतं, त्यामुळं जमत होतं. चार आठवड्यांत सगळे गुंडे संपवले. घट्ट, टणक, एकसारखे. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की बस्स. प्रयोगशाळेत चहाच्या वेळी मी मैत्रिणीला सांगितलंसुद्धा, बघ, वडिलांना न कळू देता कसं सावरलं. तीही म्हणाली, किती छान.

माग असलेलं एकच घर आता उरलं होतं, आंबेगाव तालुक्यात, पेठच्या जवळ एका गावात. मागवाले आबांच्याच वयाचे. आबांच्या धाग्याच्या किती घोंगड्या त्यांनी विणल्या असतील ते दोघांनाही सांगता आलं नसतं. आबांनी पिशवी पोचती केली, आणि पंधरा दिवसांनी फोन आला, "पाव्हणं, जरा यिऊन जा."

त्या दिवशी मी घरीच होते. आम्ही दोघं जीपनं नारायणगावला आलो, तिथून एसटीनं पेठला. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला नवा पटका. घोंगडी झाली असणार असं त्यांना वाटत होतं. पोरीला तिथंच खांद्यावर टाकून बघायची, असा त्यांचा बेत होता.

अंगणात ताणा लावलेला होता, म्हणजे घोंगडीचे उभे धागे, एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत. विणायच्या आधी त्यांना चिंचोक्याची खळ पाजतात, म्हणजे धागा ताठ होतो आणि मागावर टिकतो. ह्या ताण्याला खळ लागली होती, पण ती वरच्या वर वाळून तिचे पापुद्रे सुटले होते. निम्मे धागे तुटले होते. तुटलेली टोकं उलटी फिरून, स्वतःलाच वेढे घालून, आकडे होऊन लोंबत होती. मी मघाशी म्हटलं ना, केसातल्या आकड्यासारखे, तसेच, शेकड्यांनी.

मागवाले अवघडून म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नगा. पीळ लई झालाय. ताण्याला पीळ लागतोच, पन एवढा न्हाई. तुमच्या धाग्यात जागजागी सैल असायचं, तितनं त्यो खळ प्यायचा. म्हनून तर तुमचा धागा मी डोळं झाकून घ्यायचो. आवंदा आत खळच शिरना."

मी तिथं उभी होते. खाली तोंड करून उभी होते.

आबांनी एक तुटका धागा हातात घेतला. चिमटीत धरून बोटांनी उलगडला, सोडला. तो टणकन परत वळला. मग त्यांनी धागा सोडून दिला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. पालथा, उलथा, परत पालथा.

"हात ग्येला माझा," ते म्हणाले. "थरथरतो म्हनून दाबून धरत आसंन मी. कळलंच न्हाई मला."

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. आबा, ते मी केलं. चार शब्द. मागवाल्यांच्या देखत बोलायचं म्हणजे आधी हे कबूल करायचं, की तुमचा हात गेला असं मला वाटलं होतं, म्हणून चोरून मी तो दुरुस्त केला. मला ते बोलवेना. वाटेत सांगू म्हटलं. एसटीत सांगू. जीपमधे सांगू. जीपमधे माणसं कोंबलेली, एक बाई तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती, आबा तिला "व्हय, व्हय" म्हणत होते. घर आलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात. ह्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

खळ लागलेला, तुटलेला धागा परत वापरता येत नाही, आणि मेंढरं तर गेलेली. आबांनी टकळी गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवली. आईनं विचारलं तर म्हणाले, "झालं आता. लई वर्सं झालं."

त्यानंतर त्यांच्याकडं बघवायचं नाही. हात रिकामे असले की माणूस किती उघडा पडतो! ओट्यावर बसायचे आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरायचे.

त्या हिवाळ्यात प्रयोगशाळेत माझा एक प्रयोग फसला. टोमॅटोच्या आरएनएचा एक आकडा झाडात घालून त्यातून तो बारका तुकडा भरपूर तयार व्हावा, असं काम होतं. आकड्याचे दोन्ही पाय वरपर्यंत जुळलेले होते, फक्त बुडाशी काही अक्षरं न जुळता सैल राहिली होती. मला ती निसर्गाची कुचराई वाटली. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं नसताना मी ती अक्षरं बदलली आणि फट बुजवून टाकली. संगणकावर तो आकडा इतका देखणा दिसत होता!

झाडं वाढली, पानं कुटली, आरएनए काढला. तुकडे आकारानं वेगळे करून काढलेल्या फोटोत जिथं त्या बारक्या तुकड्याची काळी रेघ यायला हवी होती तिथं काहीच नव्हतं. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. तेच.

 मॅडमनी फोटो बघितला, मग संगणकावरचा आकडा बघितला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इथली सैल जागा कुठं गेली?"

"मी जुळवली. घट्ट व्हावं म्हणून."

"अगं, कापणारं प्रथिन त्या सैल जागेपासूनच मोजत वर जातं आणि ठरलेल्या अंतरावर कापतं. त्याला सुरुवात कुठून धरायची तेच तू बुजवून टाकलंस. तुला चूक वाटली ती चूक नव्हती."

बाकीच्यांना वाटलं मॅडम रागावल्या म्हणून मी रडतेय. मॅडमनाही तसंच वाटलं, त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाल्या, परत कर, महिन्याभराचं तर काम आहे. मी मान हलवली. त्यांना काय सांगणार होते? माझ्या डोळ्यांपुढं पेठजवळचं ते अंगण होतं.

शनिवारी पहिल्या गाडीनं गावी गेले. आज सांगायचंच, असं घोकत गेले. आबा लिंबाखाली बसले होते, हात दाबून. मी शेजारी बसले आणि सुरुवात केली ती प्रयोगशाळेपासून. आकडा, सैल जागा, मी ती कशी बुजवली, तुकडा कसा आलाच नाही, सगळं. ते मन लावून ऐकत होते.

"म्हंजी सैल व्हती तीच सुरवातीची खून व्हती," ते म्हणाले.

"हो, आबा."

"मी इचारलं व्हतं तुला. सुरवात कुटनं धरतो म्हनून."

"हो. तुम्हीच विचारलं होतं."

मी डोळे पुसले. पुढचं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात आबांनी त्यांचा तो थरथरता हात माझ्या पाठीवर ठेवला. किती दिवसांनी त्यांनी तो हात दुसऱ्याच्या नजरेला पडू दिला होता.

"जाऊं दे. रडू नगं. मान्साचा हात चुकतो. आता माझंच बग की. एवढी वर्सं सूत काढलं, आन पोरीच्या घोंगडीलाच माजा हात चुकला. तुजं तरी परत करता येतंय."

आणि मी गप्प बसले. देवाशपथ सांगते, मला अजूनही माझ्या त्या गप्प बसण्याचा राग येतो. इतका, की कधीकधी प्रयोगशाळेत हातातली नळी आपटावीशी वाटते. त्यांनी मला धीर दिला होता, त्यांच्या स्वतःच्या दुःखातून काढून दिला होता, आणि तो मी घेतला, नाक पुसलं, आणि चहा प्यायला आत गेले. वाटलं, पुढच्या वेळी सांगू. नीट, निवांत सांगू.

प्रयोग मी परत केला. सैल जागा होती तशी ठेवली. तुकडा आला.

आबा पावसाळा सरता सरता गेले. सकाळी गोठ्यात जाऊन आले, ओट्यावर टेकले आणि कलंडले, एवढंच. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. आई आणि मी दोघीच उरलो. आईनं गोठ्यातून फडक्यात बांधलेलं काहीतरी आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्ये तुझ्यासाठनं. आढ्यात व्हतं."

फडक्यात टकळी होती. मला वाटलं रिकामी असेल, पण तिच्यावर धागा होता. काळा, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचा, पोत्यात तळाला राहिला असेल त्यातला. टकळीच्या पोटावर गुंडाळलेला, फार नाही, मूठभर.

"हे कधी काढलं?"

"बसायचं की गोठ्यात जाऊन," आई म्हणाली. "तू आलीस की मातर न्हाई. दुपारचं, कुनी नसलं म्हंजी. म्हनायचं, पीळ जास्ती बसतोय माझा, कमी करून बगतो. जमलं तर पोरीला दावीन. रोज जरा कमी, रोज जरा कमी. मला इचारायचं, आता बरा हाय का गं? मला त्यातलं काय कळतंय?"

मी धाग्याचं टोक शोधलं आणि हलकेच ओढलं. तो तुटलासुद्धा नाही. नुसताच सुटला. त्यात पीळ उरलाच नव्हता. वेताएवढी लोकर माझ्या बोटांत पिंजल्यासारखी मोकळी झाली. अजून ओढलं, अजून सुटलं. खालचा धागा वरच्यापेक्षा जरा बरा होता. म्हणजे त्यांनी सुरुवात बऱ्या धाग्यापासून केली होती आणि मग दिवसेंदिवस, नसलेली चूक काढता काढता, धागा संपवून टाकला होता.

मग मी आईला सांगितलं. चार आठवडे, ते गुंडे, पेठचं अंगण, जीप, लिंबाखालची दुपार. एका दमात सांगितलं, कुठं थांबले असते तर परत गप्प बसले असते. आई ऐकत होती. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिनं माझ्या मांडीवरची सुटलेली लोकर गोळा केली, परत फडक्यात ठेवली, गाठ मारली.

"मंग एकदा सांगायचं व्हतंस की गं त्यान्ला," ती म्हणाली.